धागा : आम्लांची नावे मुलांना कशी समजावून द्यावीत?

गिरणगावकर (धागाकर्ता)

नमस्कार. लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाची एक छोटी अभ्यासिका आहे. दहावी मराठी माध्यमातून उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञानाला गेलेली मुले तेथे संध्याकाळी येतात आणि मी त्यांना रसायनशास्त्र शिकवतो. मी स्वतः रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, पण शिक्षकी पेशातला नाही. म्हणून येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

गेल्या आठवड्यात आम्लांचे नामकरण घेतले आणि तीन ठिकाणी अडलो. एका मुलीने गंधकाम्लाचे (सल्फ्युरिक आम्लाचे) नाव ‘हायड्रोसल्फ्युरिक आम्ल’ असे लिहिले. हायड्रोक्लोरिकमध्ये हायड्रोजन आहे म्हणून ‘हायड्रो’ लागतो, गंधकाम्लात तर हायड्रोजनचे दोन अणू आहेत, मग तेथे तो का लागू नये, असा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या मुलाने विचारले की क्लोरिनबरोबर ऑक्सिजनचे चार अणू आले की ‘परक्लोरिक’ म्हणायचे, मग गंधकाबरोबरही चारच असताना ‘परसल्फ्युरिक’ का म्हणत नाहीत? तिसऱ्याच्या समजुतीप्रमाणे ‘फॉस्फरस आम्ल’ म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉस्फरस हे मूलद्रव्य.

तिन्ही चुकांमागे विचार आहे, केवळ पाठांतराचा अभाव नाही. त्यामुळे ‘तक्ता पाठ करा’ असे सांगून त्यांना गप्प बसवणे मला पटत नाही. आपण हा विषय कोणत्या क्रमाने शिकवता, ते कृपया लिहावे.

प्रयोगवही

गिरणगावकर, मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे हाच विषय शिकवला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या मुलांचा घोळ होतो, कारण ती आम्लाच्या रेणुसूत्राकडे पाहून नाव शोधतात आणि अणू मोजू लागतात. आम्लाचे नाव अणूंच्या संख्येवरून ठरत नाही. आम्लाने आपले हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला कण) पाण्याला देऊन टाकल्यावर मागे जो ऋण आयन उरतो, त्याच्या नावाच्या शेवटावरून ते ठरते. मी त्यामुळे पहिले दोन तास आम्लाचे नावच काढत नसे. फक्त ऋण आयन आणि त्यांची नावे घेत असे.

आयनाचे नाव ‘आइड’ने संपत असेल तर आम्लाच्या नावात आधी ‘हायड्रो’ आणि शेवटी ‘इक’ येते, म्हणून क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक. ‘एट’ने संपत असेल तर ‘हायड्रो’ गळतो आणि केवळ ‘इक’ राहते, म्हणून नायट्रेटचे नायट्रिक, कार्बोनेटचे कार्बोनिक, ॲसिटेटचे ॲसिटिक. ‘आइट’ने संपणाऱ्या आयनाचे आम्ल ‘अस’ने संपते, म्हणून नायट्राइटचे नायट्रस. गंधक आणि फॉस्फरस यांच्या बाबतीत मूळ नावाचा एक तुकडा परत येतो आणि सल्फेटचे ‘सल्फिक’ न होता सल्फ्युरिक होते, फॉस्फेटचे फॉस्फोरिक होते, एवढे आधीच सांगून ठेवावे.

आता त्या मुलीचे उत्तर. ‘हायड्रोसल्फ्युरिक’ हे नाव अस्तित्वात आहे, परंतु ते सल्फाइड आयनाच्या आम्लाचे, म्हणजे सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात विरघळल्यावर होणाऱ्या द्रावणाचे आहे. तिला हे अवश्य सांगा, कारण तिने बनवलेले नाव खरे ठरते, फक्त ते दुसऱ्या पदार्थाच्या दाराशी गेले आहे. ‘हायड्रो’चा अर्थ ‘हायड्रोजन आहे’ असा घेतला की गोंधळ अटळ आहे, कारण हायड्रोजन या सर्वच आम्लांत आहे.

येथेच वायू आणि आम्ल यांतील भेदही सांगून टाकावा. हायड्रोजन आणि क्लोरिन यांचे कोरडे, वायुरूप संयुग म्हणजे हायड्रोजन क्लोराइड. तेच पाण्यात विरघळले की हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्र एक, नावे दोन, आणि परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो.

उद्जन

‘परसल्फ्युरिक का नाही’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूर्क्रवा या चार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. एकाच मूलद्रव्याची दोन आम्ले असतील तर जास्त ऑक्सिजनवाल्याला एक प्रत्यय आणि कमी ऑक्सिजनवाल्याला दुसरा, अशी ती सोय होती. आजचे ‘इक’ आणि ‘अस’ हे त्याच दोन प्रत्ययांचे वंशज आहेत. ही तुलना त्या त्या मूलद्रव्याच्या घरातली आहे. गंधकाच्या ‘इक’ची क्लोरिनच्या ‘इक’शी तुलना करण्याचा हेतूच तिच्यात नव्हता.

गंधकाच्या घरात दोन भावंडे होती, त्यांना सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस ही नावे मिळाली. क्लोरिनच्या घरात मात्र ‘क्लोरिक’ नाव देऊन झाल्यावर त्याहून अधिक ऑक्सिजन असलेले आम्ल सापडले, तेव्हा वरच्या पायरीसाठी ‘पर’ आणि ‘अस’च्याही खालच्या पायरीसाठी ‘हायपो’ हे उपसर्ग लावावे लागले. त्यामुळे क्लोरिनची पूर्ण शिडी हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक, परक्लोरिक अशी होते आणि ऑक्सिजनचे अणू अनुक्रमे एक, दोन, तीन, चार असतात. फॉस्फोरिक आम्लात ऑक्सिजनचे चार अणू आहेत, नायट्रिकमध्ये तीन, तरी दोघांच्याही नावाचा शेवट ‘इक’च आहे. मुलांना ही चारही घरे शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

गंधकाच्या काही आम्लांना ‘परसल्फ्युरिक’ म्हटले जाते, हेही खरे. त्यांत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि तेथील ‘पर’ त्या जोडणीचा आहे, वरच्या पायरीचा नाही. अकरावीच्या मुलांना हे आत्ता सांगू नये, पण कोणी विचारलेच तर ‘असे नाव नसतेच’ असे म्हणून चुकीचे उत्तरही देऊ नये.

शब्दसंग्रह

तिसऱ्या मुलाची अडचण रसायनशास्त्राची नाही, लिपीची आहे. इंग्रजीत मूलद्रव्याचे नाव आणि आम्लाचे विशेषण यांच्या वर्णलेखनात एका अक्षराचा फरक असतो. देवनागरीत दोन्ही शब्द ‘फॉस्फरस’ असेच लिहिले जातात. मुलाने जे वाचले त्याचा सरळ अर्थ लावला, त्याला दोष देता येणार नाही. सुदैवाने या आम्लाला ‘फॉस्फोनिक आम्ल’ असेही प्रमाण नाव आहे आणि मराठी लेखनात तेच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सल्फाइड’ आणि ‘सल्फाइट’ यांचेही तसेच. शेवटच्या ड आणि ट एवढ्यावर ऑक्सिजनचे तीन अणू अवलंबून आहेत, आणि पंख्याच्या आवाजात मागच्या बाकावर तो फरक ऐकूच येत नाही. मी शिकत असताना आमचे शिक्षक ही नावे उच्चारताना फळ्यावरच्या शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढत असत. त्या एका रेघेचा मला फार उपयोग झाला.

मराठी परिभाषेचे काही उपकारही सांगितले पाहिजेत. ‘आम्लारी’ हा शब्द पाहा. आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. उदासिनीकरणाची सगळी कल्पना त्या एका समासात सामावली आहे. ‘क्षार’ शब्दाची मात्र काळजी घ्यावी लागते. आयुर्वेदात आणि पापडखारातल्या ‘खार’ शब्दात तो अल्कधर्मी पदार्थाचा वाचक आहे, तर शालेय पुस्तकांत तो आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून पाण्याबरोबर तयार होणाऱ्या पदार्थाचा वाचक आहे. घरी आजीकडून पहिला अर्थ आणि शाळेत दुसरा अर्थ ऐकणाऱ्या मुलाला हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि एक गोष्ट. लाव्हाझिएने ऑक्सिजनला जे नाव दिले त्याचा ग्रीक अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’ असा होतो, कारण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे असे त्याला वाटत होते. बंगालीत त्याचे भाषांतर होऊन ‘अम्लजान’ असा शब्द रूढ झाला. मराठीने ‘प्राणवायू’ म्हटले आणि ती चूक आपल्या भाषेत शिरलीच नाही.

उद्जन

शब्दसंग्रह, आपण उत्तम मुद्दा काढलात. ती समजूत मोडली ती हायड्रोक्लोरिक आम्लामुळेच. क्लोरिन हे मूलद्रव्य आहे आणि त्याच्या या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही, ही गोष्ट इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० साली मांडली. पुढे १८३८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने ‘ज्यातील हायड्रोजनच्या जागी धातू येऊ शकतो ते आम्ल’ अशी व्याख्या केली आणि १८८४ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसने पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल, असे सांगितले. ‘हायड्रो’वाली आणि ऑक्सिजनवाली असे आम्लांचे जे दोन गट आपण आज शिकवतो, त्यांच्या मागे हा वाद आहे. मुलांना तो पाच मिनिटांत सांगता येतो आणि मग नियम कोरडा राहत नाही.

सोनारआळी

मी शिक्षक नाही. झवेरी बाजारात आमचे पिढीजात काम आहे. वर्गीकरणाबद्दल कारखान्याच्या बाजूने एक गोष्ट लिहावीशी वाटते.

आमच्याकडे आम्लांचे दोनच प्रकार महत्त्वाचे मानतात. एक, जे चांदी आणि तांबे खाते. दुसरे, जे खात नाही. नायट्रिक चांदी विरघळवते, सोन्याला हात लावत नाही. म्हणून अशुद्ध सोने शुद्ध करताना त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून वितळवतात आणि मग नायट्रिकमध्ये टाकतात. चांदी व तांबे द्रावणात जातात, सोने मागे राहते. चांदी कमी घातली तर सोन्याच्या आवरणाखाली दडलेल्या चांदीपर्यंत आम्ल पोचत नाही. सोनेच विरघळवायचे असेल तर संहत (पाणी कमी असलेल्या) नायट्रिकचा एक भाग आणि संहत हायड्रोक्लोरिकचे तीन भाग एकत्र करतात. त्याला पुस्तकात आम्लराज म्हणतात. दोघांपैकी एकट्याच्याने जे होत नाही, ते दोघे मिळून करतात.

माझ्या मुलाच्या वहीत ‘आम्लाची धातूशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू मुक्त होतो’ असे वाक्य आहे. आमच्याकडे तांब्यावर नायट्रिक पडले की तपकिरी, घशाला झोंबणारा धूर निघतो. तो हायड्रोजन नव्हे. हा अपवाद पुस्तकात तळटीप म्हणून येतो, आमच्या कामात तो रोजचा आहे.

प्रयोगवही

सोनारआळी, आपण लिहिलेत ते अकरावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. तो तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. नायट्रिक आम्लात धातूवर चाल करण्याचे काम हायड्रोजन आयनापेक्षा नायट्रेट आयन करतो, म्हणून त्याला ऑक्सिडक आम्ल म्हणतात. विरल (पाणी अधिक असलेल्या) हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोराइड आयन बाजूला उभा राहतो आणि जस्ताशी हायड्रोजन आयनच अभिक्रिया करतो, म्हणून तेथे हायड्रोजन वायू मिळतो. तांबे मात्र हायड्रोजनला हटवू शकत नाही, त्यामुळे ते विरल हायड्रोक्लोरिकमध्ये तसेच पडून राहते.

कोकमसार

मी पालक म्हणून वाचते आहे. माझ्या मुलीला ‘नैसर्गिक आम्ले सौम्य असतात आणि खनिज आम्ले तीव्र असतात’ असे शिकवण्यात आले आहे. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक, आणि आमच्या आमसुलात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असते, हे तिने हौसेने पाठ केले. स्रोतावरून तीव्रता ठरते, हे बरोबर आहे का?

प्रयोगवही

कोकमसार ताई, स्वयंपाकघरापुरते ते खरे वाटते, परंतु नियम म्हणून ते टिकत नाही. कार्बोनिक, बोरिक आणि हायड्रोफ्लोरिक ही तिन्ही खनिज आम्लांत मोडतात आणि तिन्ही सौम्य आहेत. उलट ॲसिटिक आम्लातील तीन हायड्रोजनच्या जागी क्लोरिन घातला की मिळणारे ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल सेंद्रिय असूनही बरेच तीव्र आहे.

खरी अडचण अशी आहे की आम्लाविषयी आपण चार वेगवेगळे प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळून टाकतो. ते कोठून मिळाले, हा एक प्रश्न. एक रेणू किती हायड्रोजन आयन देऊ शकतो, हा दुसरा. पाण्यात त्याच्या रेणूंपैकी किती रेणूंचे विचरण होते, म्हणजे किती रेणू आयनांत फुटतात, हा तिसरा, आणि तीव्र किंवा सौम्य हे शब्द केवळ याच प्रश्नाचे उत्तर आहेत. बाटलीत पाण्याच्या मानाने आम्ल किती आहे, हा चौथा, आणि त्याचे उत्तर संहत किंवा विरल. ‘सौम्य’ हा शब्द बोलीत पातळ, कमी कडक अशा अर्थाने वापरला जातो, त्यामुळे मुले सौम्य आणि विरल यांची सर्रास अदलाबदल करतात. मला ‘दुर्बल आम्ल’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

यावर मी एक उदाहरण देत असे. १ मोलर ॲसिटिक आम्लात दर हजार रेणूंपैकी साधारण चारच रेणूंचे विचरण झालेले असते, तरी त्या द्रावणाचा सामू (म्हणजे पीएच, तो जितका कमी तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) सुमारे २.४ असतो. हायड्रोक्लोरिकचे विचरण जवळजवळ पूर्ण होते, पण त्याचे ०.००१ मोलर द्रावण घेतले तर सामू ३ येतो. म्हणजे तीव्र आम्लाचे हे द्रावण सौम्य आम्लाच्या त्या द्रावणापेक्षा कमी आम्लधर्मी निघाले. मुले प्रथम विश्वास ठेवत नाहीत, मग स्वतः गणित करतात.

आणि ‘सौम्य म्हणजे निरुपद्रवी’ असा अर्थ कृपया कोणीही घेऊ नये. हायड्रोफ्लोरिक सौम्य आहे आणि तेच काचेवर परिणाम करते, त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शिअम बांधून टाकते.

गिरणगावकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोगवही ताईंच्या सूचनेप्रमाणे शनिवारी केवळ ऋण आयनांची चिठ्ठ्यांवर ओळख करून दिली आणि आम्लांकडे रविवारी वळलो. शब्दसंग्रह यांच्या शिक्षकांची रेघही वापरली. हायड्रोसल्फ्युरिक लिहिणाऱ्या मुलीला तिचे नाव खऱ्या पदार्थाचे आहे हे सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

मग तिनेच पुढचा प्रश्न काढला. ‘हायड्रो म्हणजे ऑक्सिजन नसलेले आम्ल’ असे काहींनी लिहून घेतले होते, आणि तिने सायनाइडचे काय, असे विचारले. त्यात तर कार्बन आणि नायट्रोजन असे दोन अणू आहेत.

उद्जन

तिला सांगा की म्हणूनच शेवटावरचा नियम अधिक भरवशाचा. सायनाइड ‘आइड’ने संपतो, म्हणून हायड्रोसायनिक. आयनात अणू किती आणि कोणते, याची चौकशी करावी लागत नाही.

क्लोरिनच्या शिडीसंबंधी एक सूचना राहिली होती, ती कृपया मुलांच्या घरांपर्यंत पोचवा. फरशी आणि शौचालय धुण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून जे ‘ॲसिड’ आणतात ते बहुधा हायड्रोक्लोरिक असते, आणि कपडे पांढरे करणाऱ्या द्रावणात सोडिअम हायपोक्लोराइट असते. एका घराचे हे दोन सदस्य एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. आपल्या चाळींतल्या आणि इमारतींतल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

कोकमसार

हे मला ठाऊक नव्हते. दोन्ही बाटल्या आमच्याकडे एकाच फळीवर होत्या, आजच वेगळ्या केल्या.

माझ्या मुलीची आणखी एक शंका आहे. ॲसिटिक आम्लात हायड्रोजनचे चार अणू आहेत, मग ते चार हायड्रोजन आयन का देत नाही?

प्रयोगवही

कारण हायड्रोजन कोणाला जोडलेला आहे, यावर ते अवलंबून आहे. त्या चारांपैकी तीन कार्बनला घट्ट धरून आहेत, ऑक्सिजनला जोडलेला एकच सुटतो. म्हणून ॲसिटिकची आम्लारिधर्मता एक. हा शब्द मुलांना उलटा वाटतो, तेव्हा आम्लाचा एक रेणू आम्लारीच्या किती हायड्रॉक्साइड आयनांना पुरा पडतो याची ती मोजणी आहे, असे सांगावे.

गिरणगावकर, आपले फॉस्फोनिक आम्ल येथे पुन्हा उपयोगी पडेल. त्यात हायड्रोजनचे तीन अणू आहेत, पण एक थेट फॉस्फरसला जोडलेला असल्याने आम्लारिधर्मता दोन. फॉस्फोरिकमध्ये तिन्ही ऑक्सिजनला जोडलेले आहेत, म्हणून तेथे तीन. बोरिक आम्ल यांपेक्षाही निराळे आहे. त्याचे तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेले असूनही ते पाण्यात स्वतःचा एकही देत नाही. ते पाण्याकडून हायड्रॉक्साइड आयन ओढून घेते आणि त्या पाण्याचा हायड्रोजन आयन मोकळा होतो. म्हणून त्याची आम्लारिधर्मता एक.

गिरणगावकर (धागाकर्ता)

बोरिक आम्लाचे वाचून एक गोष्ट लक्षात आली. आमच्या मंडळाच्या कॅरमवर जी पावडर टाकतात, तिच्या डब्यावर ‘बोरिक’ असेच लिहिलेले आहे. काल मुलांनी त्यातली चमचाभर पावडर कोमट पाण्यात ढवळली, निळा लिटमस कागद बुडवला, आणि शेजारी लिंबाच्या रसातला दुसरा कागद ठेवला. रसातला कागद लगेच लालबुंद झाला. बोरिकचा कागद निळ्यावरून जेमतेम जांभळट झाला, आणि तो बदलला की नाही यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी कोरा कागद साध्या पाण्यात भिजवून मधे ठेवावा, अशी सूचना त्याच मुलीने केली. मग तिन्ही कागद ट्यूबलाइटखाली धरून पाहिले तेव्हा फरक सगळ्यांना दिसला. नंतर सर्वांनी हात धुतले आणि डबा पुन्हा कॅरमच्या फळीवर ठेवला.